वाघरीपलीकडचं जनावर

पोरा, परवा तू फोनवर विचारलंस. लांडग्यानं कोकरं नेली, शेजारच्या वाड्याचा कारभारी म्हणतो मेलेल्या मेंढीत औषध घालून टाकू, आबा तुम्ही काय म्हणता? मागं गाड्यांचा गोंगाट होता, तुझा आवाज तुटत होता, म्हणून तेव्हा फक्त 'नको' एवढंच म्हणालो. आता सविस्तर सांगतो. यंदा आपल्या मेंढरांच्या वाड्याची काठी तुझ्या हातात आली आहे, तेव्हा हे एकदा नीट ऐकून ठेव.

मी माळ सोडून देवनारला आलो त्याला जन्म लोटला. महापालिकेचं पशुवधगृह आधी वांद्र्याला होतं, ते १९७१ साली इथं आलं. चौसष्ट एकरांचं आवार आहे. राजस्थान, गुजरातकडून ट्रक येतात, तसाच आपल्याकडच्या लोणंद, चाकणच्या बाजारातून व्यापाऱ्यांनी उचललेला मालही येतो. इथं मेंढराला मालच म्हणतात. पाठीच्या कण्यावर अंगठा दाबून अंगात किती भरलंय ते बघायचं, ओठ वर करून दोनदाती की चारदाती ते बघायचं आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा. असे किती सौदे मी केले याची मोजदाद नाही. पण एक गोष्ट कायम पाहिली. रात्री लांडग्यानं नेलेलं कोकरू कुठल्याच भावात धरलेलं नसतं. गिऱ्हाईक समोर उभ्या जनावराचे पैसे देतं. जे बाजारापर्यंत आलंच नाही त्याचा तोटा मेंढक्याच्या घरातच राहतो.

म्हणून लांडगा मारावा की राखावा, या भांडणात माझं म्हणणं साधं आहे. राखायचा. पण त्याचा खर्च तू एकट्यानं सोसायचा नाही. माझे वडील गेलेल्या कोकराला लांडग्याचा वाटा म्हणायचे आणि संध्याकाळी बिरोबाला हात जोडून मोकळे व्हायचे. तेव्हा माळ मोकळे होते, काळविटांचे कळप होते, चिंकारा होता, ससे होते आणि मेंढरांवर बँकेचा हप्ता नव्हता. तुझ्यावर हप्ता आहे. तुला 'वाटा' म्हणून सोडून दे असं मी सांगणार नाही.

आधी विषाचं उरकू. औषध घातलेलं मेंढरू लांडगा एकटा खात नाही. त्याच्या आधी तुझी कुत्री खातील, मग घारी, गरुड, तरस. लांडगा बहुतेक वेळा सावध होऊन लांब राहील आणि तू राखणीची कुत्री गमावून बसशील. दुसरं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत लांडगा आहे, वाघ-बिबट्याच्या बरोबरीनं. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षं कैद. तू आत गेलास तर पावसाळ्यापर्यंत वाडा कोण फिरवणार? तुझी बायको आणि दहावीतलं पोर? आणि तिसरं, वाड्याच्या आसपास विषानं मेलेलं वन्य जनावर सापडलं की तुझ्या मेंढरांच्या भरपाईवरही पाणी पडतं.

मारून लांडगा संपला नाही असं नाही. इंग्रजांनी डोकं मोजून बक्षीस ठेवलं होतं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत या देशात दोन लाखांवर लांडगे त्या बक्षिसापायी मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा हिशोब आहे. आज देशभरात मिळून तीन हजारांच्या आसपास उरलेत. आणि हा आपल्या माळावरचा लांडगा जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यांत जुन्या वंशांपैकी एक आहे, हे अलीकडे त्याच्या जनुकांच्या तपासणीतून पुढं आलं. मेंढरं पुन्हा पैदा होतात. हा गेला तर कुठून आणणार?

आता कामाचं. रात्रीची जागा निवडताना पाणी आणि शेतमालकाचे पैसे एवढंच बघू नकोस. उसाचा फड, ओढ्याची घळ, घायपाताची दाट रांग यांच्या कडेला वाघरीची जाळी लावायची नाही. उसातून बिबट्याही येतो, मग दोन्हीकडून मार. मोकळ्या रानाच्या मधोमध बसव. मालक म्हणेल, या कोपऱ्यात बसवा, इथं खत हवंय. त्याला नम्रपणे सांगायचं की आज मध्ये, उद्या उजेडात बघून कोपऱ्यात.

वाघर ताणून लावायची. लांडगा बऱ्याचदा आत उडी मारतच नाही. तो बाहेरून फिरतो, मेंढरं बुजतात, एका अंगाला रेटा देतात, खुंट्या उपटतात आणि कळप अंधारात फुटतो. मग त्याला मेहनतच नाही. म्हणून ज्या अंगाला जमीन भुसभुशीत, तिथं खुंट्या जवळजवळ आणि खोल. कोकरं-करडं आतल्या बाजूला वेगळी कोंडायची, कडेच्या जाळीला अजिबात टेकू द्यायची नाहीत. घोडी एका अंगाला बांध, त्यांना आधी चाहूल लागते. आणि वारा वाहत ज्या दिशेला जातो त्या अंगाला एक जाणता माणूस झोपव. लांडगा त्याच अंगानं येतो, कारण तिकडून कुत्र्यांना त्याचा वास लागत नाही. बाकीचे कुठंही झोपा, हा एक कोपरा रिकामा ठेवायचा नाही. लुकलुकणारे दिवे हल्ली मिळतात, लाव, पण रोज जागा बदल. एकाच ठिकाणी चार रात्री तोच दिवा दिसला की जनावर समजून जातं की याच्यामागं कुणी नाही.

दिवसा चारताना सगळे पुढं चालू नका. एक पुढं, एक मागं. मागं राहणारी कोण असतात? लंगडी, ताप आलेली, नुकती व्यालेली. लांडगा कळप बघत नाही, तो हीच शोधतो. व्यालेली मेंढी आणि ओलं कोकरू त्या दिवशी बिऱ्हाडाबरोबर ठेव, चार घास चारा आयता टाकावा लागला तरी चालेल. आणि एक कावा लक्षात ठेव: एक लांडगा उघड्यावर येऊन उभा राहतो, अगदी दिसेल असा. माणसं आणि कुत्री ओरडत त्याच्यामागं धावतात आणि दुसरा पलीकडून कोकरू घेऊन जातो. दिसलेल्या लांडग्यामागं एकानंच जायचं. बाकीच्यांनी कळपाकडं तोंड करून नव्हे, कळपाकडं पाठ करून उभं राहायचं. दिवेलागणीची वेळ आणि तांबडं फुटायच्या आधीची वेळ, या दोन्हीला फोन खिशात.

आता कुत्र्यांचं सांगतो. यावर मला जास्त बोलायचंय, कारण मी जिथं राहतो तिथं कुत्रं काय होतं ते रोज दिसतं. देवनारचं डम्पिंग १९२७ सालापासून आहे. कचऱ्याचे डोंगर, त्यावर घारी आणि खाली कुत्र्यांच्या टोळ्या. जिथं फुकटचं मांस पडतं तिथं कुत्रं वाढतं आणि ते कुणाचंच नसतं. आता हेच आपल्या माळावर झालंय. कुक्कुटपालनाच्या शेडवाले मेलेल्या कोंबड्या रस्त्याकडेला ओततात, हॉटेलांचा उष्टा माल ओढ्यात पडतो आणि मोकाट कुत्र्यांचे कळप मेंढरांवर येतात. लांडग्याच्या नावावर लागलेल्या कितीतरी मेंढ्या खरं म्हणजे या कुत्र्यांनी फाडलेल्या असतात. फरक ओळखायला शीक. कुत्री पाठीमागून, मांड्या-शेपटाला धरून, जागोजागी फाडतात. एका वेळी अनेक मेंढरं जखमी करतात आणि बऱ्याचदा खात नाहीत, अर्धमेली टाकून जातात. बिबट्या गळा धरतो, ओढत आडोशाला नेतो. लांडग्याला वेळ मिळाला तर तो पोट आधी फोडतो, लहान असेल तर अख्खं तोंडात धरून निघून जातो. कुत्र्यानं मारलेल्या मेंढीची वनखात्याकडून भरपाई मिळत नाही, म्हणून खोटं सांगून बघू असं मनातही आणू नकोस. गार्ड ठसा आणि दाताची खूण बघतो आणि एकदा खोटं निघालं की पुढच्या खऱ्याचाही विश्वास जातो.

मोकाट कुत्री लांडग्यालाही मारतात, वेगळ्या रीतीनं. त्यांच्यातून रेबीज जातो, डिस्टेंपर जातो. शिवाय संकर होतो. पुणे जिल्ह्यात पिवळसर अंगाची वेगळीच जनावरं लोकांना दिसायला लागली, तेव्हा ग्रासलँड्स ट्रस्टच्या मंडळींनी आणि बंगळुरूच्या संशोधकांनी तपासणी केली आणि ते लांडगा-कुत्र्याचे संकर असल्याचं २०२३ साली जगापुढं आलं. म्हणून तुझ्या वाड्याची कुत्री तुझी असू देत. दोन-तीन पुरेत, पण पोटभर भाकरी घाल, म्हणजे ती रानोमाळ भटकणार नाहीत. रेबीजची लस दरवर्षी टोच, डिस्टेंपरचीही टोचून घे. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारलं की सांगतात. नको असलेली पिल्लं होऊ देऊ नकोस आणि झालीच तर माळावर सोडून पुढं जाऊ नकोस. मेलेलं मेंढरूही उघड्यावर टाकायचं नाही. खड्डा खोल काढून, मीठ घालून पूर. तुझ्या मागं वास राहिला की त्या वासावर कुत्री आणि लांडगे दोन्ही तुझ्या वाड्याच्या मागोमाग येतात.

पावसाळा सरला की तुझ्या मेंढ्या वितात आणि साधारण त्याच दिवसांत, थंडीत, लांडगीण बिळात पिल्लं घालते. म्हणजे तिची भूक मोठी आणि तुझी कोकरं लहान, हे एकाच वेळी. माळाच्या कडेला खडकाळ उतारावर बीळ, तोंडाशी हाडं, बारीक पावलांचे ठसे दिसले की धूर करायचा नाही, खोदायचं नाही आणि मोबाईलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. तिथून वाडा हलवायचा. मेंढरं दोन-तीन मैल लांब चार. फार झालं तर गवत कमी मिळेल. धुरानं पिल्लं मारलीस म्हणून जोडी जागा सोडत नाही आणि पुढच्या थंडीत तू पुन्हा त्याच माळावर असणार.

एवढं करूनही कधी तरी नेईलच. मग काय करायचं, ते सांगतो, कारण इथंच आपली माणसं हरतात.

सकाळी उठून मेलेली मेंढी ओढून बाजूला टाकायची नाही. ती जिथं पडली तिथंच राहू दे, काटेरी फांद्या वर टाक म्हणजे कुत्री येणार नाहीत. ठसा दिसला तर त्यावर घमेलं उपडं घाल, पोरांना तिथं नाचू देऊ नकोस. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढ, म्हणजे आकार कळतो. मग लगेच फोन. घटनेपासून ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं. गार्डचा नंबर नसेल तर १९२६ ही वनखात्याची हेल्पलाइन आहे, ती लाव आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घे. गावच्या पोलीस पाटलालाही सांग. तू परगावचा फिरता माणूस आहेस, तुला तिथं ओळखणारं कुणी नसतं. म्हणून ज्या गावात वाडा टाकशील तिथल्या पोलीस पाटलाला आणि शेतमालकाला पहिल्याच दिवशी भेटायचं आणि किती मेंढरं आहेत ते सांगून ठेवायचं. पंचनाम्याला त्यांचीच सही लागते.

भरपाई मेंढराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के असते, वर सरकारनं ठरवलेली कमाल मर्यादा. आता बाजारभाव कोण ठरवणार? पंचनाम्यात 'मेंढी, एक' एवढं लिहून किंमत पाडली जाते. इथं माझी दलाली तुला उपयोगी पडू दे. वय लिहून घे: दोनदाती, चारदाती, आठदाती. गाभण होती का, पाठीशी कोकरू होतं का, ते लिहून घे. मेंढी विकलीस-घेतलीस त्याची बाजार समितीची पावती जपून ठेव. लोणंदच्या ताज्या बाजारात तशा मेंढीला काय भाव गेला, ते त्याच आठवड्यातल्या पावतीनं दाखव. सही करायच्या आधी पंचनामा वाचून घे, वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घे, आणि त्याचा फोटो काढून ठेव. २०२३ साली राज्यानं कायदा केला आहे, भरपाई ३० दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासकट. हे तुला माहीत आहे, असं समोरच्याला कळलं पाहिजे. आवाज न चढवता.

कानातले बिल्ले मात्र सगळ्यांना मारून घे. बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला. जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, कत्तलखान्यात घेत नाहीत आणि वन्य जनावरानं मारलं तर भरपाईसुद्धा नाही. आपल्यातली बरीच माणसं म्हणतात, कशाला, कान पिकतो. पिकला तर हळद-तेल लाव. पण बिल्ल्याविना मेंढरू गेलं तर ते तुझं होतं हेच तुला सिद्ध करता येणार नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडं पुरा उपाय नाही. लहान कोकरू तो अख्खं उचलून नेतो. रक्ताचा थेंब नाही, लोकरीचा पुंजका नाही. पंचनामा कशाचा करायचा? आईचा पान्हा तटतटलेला असतो, ती ओरडत फिरते, एवढाच पुरावा, आणि तो कुठल्या रकान्यात बसत नाही. उजाडताच दोघांनी ठशांच्या मागं जा, काही सापडतंय का बघा, निदान फरफट, लोकर, कानाचा तुकडा. नाही सापडलं तरी कळवच. नोंद झाली पाहिजे. वनखात्याच्या एका बीटमध्ये हंगामात कितीदा असं झालं हे कागदावर असेल, तर उद्या कुणी तरी साहेबाला प्रश्न विचारू शकेल. ज्यांना लांडगा हवा आहे त्यांनी या कोकराचाही विचार केला पाहिजे, असं मी इथं मुंबईत भेटेल त्या शिकलेल्या माणसाला सांगतो. शेजारीच टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, तिथली पोरं कधी बाजारात माहिती विचारायला येतात, त्यांनाही सांगतो. युरोपात आपल्याहून कितीतरी जास्त, वीस हजारांच्या आसपास लांडगे आहेत, तिथंही हेच भांडण पेटलंय. डिसेंबर २०२४ मध्ये बर्न करारातल्या देशांनी लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आणलं. पण तिथल्या मेंढपाळाला विजेच्या कुंपणासाठी, राखणीच्या कुत्र्यासाठी सरकारकडून मदत मिळते. आपल्याकडं मेंढक्याच्या हातात घोंगडी आणि काठी.

माणसावर येतो का, असं तुझी बायको विचारत होती. उत्तर प्रदेशात बहराइचला २०२४ साली लांडग्यांनी लहान मुलं मारली, ते टीव्हीवर बघून ती घाबरली. तिथं तसं झालं, त्याआधी १९९६ लाही त्या राज्यात झालं होतं. ते खोटं म्हणू नये. आपल्या माळावर लांडगा माणूस दिसला की वाट बदलतो. तरीही लहान पोरं बिऱ्हाडाच्या मधोमध झोपव, कडेला नको, आणि अंधारात परसाकडं एकट्यानं पाठवू नकोस. भीती खरी असते ती पिसाळलेल्याची. दिवसाढवळ्या लाळ गाळत, तोल जात, माणसांत घुसला तर तो आजारी आहे, समज. चावला किंवा नख जरी लागलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना, लस आणि जखमेत द्यायचं सीरम, दोन्ही मागून घ्यायचं. लसीचे सगळे डोस पुरे करायचे, वाडा पुढच्या तालुक्यात गेला तरी.

शेवटचं माळाचं. कडबनवाडीला काय, सुप्याला काय, नान्नजला काय, जिथं गवत राहिलं तिथंच चिंकारा, काळवीट राहिले आणि जिथं ते तिथं लांडग्याला तुझ्या कोकराशिवाय दुसरं काही खायला आहे. सरकारदप्तरी ही जमीन 'पडीक'. म्हणून कुणीही येतो, खड्डे काढून झाडं लावतो, सौर पत्रे उभे करतो, कारखाना आणतो. गवत गेलं की तुझी चराई जाते आणि लांडगा तुझ्या वाघरीपाशी येऊन बसतो. आपल्या गावच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला की गावात असशील तर तू जा, नसशील तर तुझ्या आजोबांना पाठव. हात वर करून विचार, की या गटात किती वाड्यांची मेंढरं चरतात याची नोंद आहे का, आणि नसेल तर ठरावात ती घाला. सातबारा आणि गट क्रमांक लिहून ने. पाच-सहा वाड्यांच्या कारभाऱ्यांच्या सह्या आधीच घेऊन ठेव. त्या शेजारच्या कारभाऱ्याचीही घे, विषाचं बोलला तरी तोही त्याच गवतावर जगतो. तारीख कळली की फोन कर, अर्ज मी इथं बसून लिहून देतो.